राखलेलं कोहळं

१

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मोहबोडीच्या रिठावर जायचं, हा सोमाजींच्या घरचा रिवाज होता आणि सून म्हणून आलेल्या सत्यशीलेनं तो नवऱ्याबरोबरच पदरात घेतला होता. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. तलाठ्याच्या कागदावर त्याचं नाव असतं, शिवार असतं, फक्त माणूस नसतं. मोहबोडीत घरांची जोती तेवढी उरली होती आणि परसातल्या सीताफळांचं रान माजलं होतं. कोहळ्याचे वेलही दर पावसाळ्यात आपसूक उगवायचे. लाल भोपळ्याला या भागात कोहळंच म्हणतात, आणि रिठावरच्यासारखं गोड कोहळं मुलचेऱ्याच्या बाजारातही मिळत नाही, असं सोमाजी दरवर्षी न चुकता सांगायचे.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, धानाची कापणी आठ दिवसांवर आली होती. तिच्या नवऱ्यानं, लहानूनं, बंडी जुंपली. शेजारी म्हातारे सोमाजी बसले. मागे धानाच्या तणसावर सत्यशीला आणि दोन मुली, अकरा वर्षांची विशाखा आणि सहा वर्षांची पौर्णिमा. सोबत तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी. सत्यशीला गावच्या शाळेत शिकवायची, आणि तिची शाळा रविवारीही सुटत नसे.

"सीताफळ कायनं ओळखाचं?"

"डोळ्यानं!" मुली ओरडल्या. सीताफळाचे डोळे मोठे झाले की ते तोडायला आलं.

"आन कोहळं?"

"कानानं!" कोहळं बोटाच्या पेरांनी वाजवून बघतात. कवळं असलं तर बद्द वाजतं, पिकलं की खणखणतं.

"बैलबी पाठ करून राह्यले, मास्तरीनबाई," लहानू म्हणाला. सोमाजी हसले, सत्यशीलाही हसली. चांगला दिवस होता तो. पुढे कितीतरी वेळा तिनं तो पहिल्यापासून आठवून पाहिला, कुठे काही खोट दिसते का म्हणून. रिठाआधीच्या नाल्यापर्यंत तरी काहीच नव्हती.

२

दुपारपर्यंत दोन पोती सीताफळं झाली. कोहळी शोधत सत्यशीला एका उंच जोत्यामागे गेली आणि थबकली.

जोत्यावर वेल पसरला होता. वेलाला एकच कोहळं, पण काय कोहळं! पौर्णिमाच्या कवेत मावलं नसतं. बुडाला ओल लागून सडू नये म्हणून खाली कवेलू, म्हणजे छपराचं कौल, सरकवतात, तसं त्याच्याखाली कवेलू ठेवलेलं होतं. आणि देठापासून खाली, बोटभर रुंद, चुन्याची रेघ ओढलेली होती.

ही रेघ या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळते. वेलावरचं सगळ्यात देखणं फळ घरोघरी बियाण्यासाठी राखतात आणि त्यावर चुन्याचं बोट ओढतात. मग ते कोणी तोडत नाही. घरात भाजीला काही नसलं तरी नाही. वेल पार वाळून जाईपर्यंत ते तसंच वेलावर जून होत राहतं, आणि मग उतरवतात.

"राखलेलं आहे," मागून आलेला लहानू म्हणाला. "चाल."

"कोणं राखलं?"

"असन कोणी."

"इथी कोण राह्यते? माकडं चुना लावतेत का?"

लहानू हसला नाही. सत्यशीलेनं स्वतःशीच हिशेब मांडला. दोन कोसांवर बंगाली निर्वासितांचा कॅम्प होता, तिथली माणसं भाजीपाल्यात हुशार. त्यांच्यातल्या कोणी इथं वेल लावला असेल. "कॅम्पातल्या कोणाचं निघालं तर आपल्या परसातलं एक नेऊन देऊ," ती म्हणाली. "भेऊन काऊन सोडाचं?"

खरं तर तिला राग आला होता. ओसाड जागेला भिणाऱ्या माणसांचा तिला लहानपणापासून तिटकारा. घरात भुताखेताला थारा नाही, हे सांगत ती सासरी आली होती, आणि सासरच्यांचंही तेच मत होतं म्हणून तर हे लग्न जमलं होतं. आता नवराच पाय मागे घेत होता आणि दोन्ही मुली बघत होत्या. आईनं माघार घेतली की मुली तेवढंच शिकतात. तिनं विळा उचलला आणि देठ कापला.

देठातून पाणी टपकू लागलं. तिनं पेरांनी कोहळं तीनदा वाजवलं. खणखणीत आवाज आला.

मग सीताफळांच्या पलीकडून उत्तर आलं. टक, टक, टक. आणि जरा थांबून, टक.

"प्रतिध्वनी," सत्यशीला मुलींना म्हणाली. "समोर टेकडी असली का आवाज वापस येते."

विशाखानं समोर पाहिलं. तिकडे टेकडी नव्हती, नाल्यापर्यंत सपाट रान होतं. "आई," ती हळूच म्हणाली, "तू तर तीनदाच वाजवलं."

३

बंडीतल्या कोहळ्यावरची रेघ सोमाजींनी परतीच्या वाटेवर पाहिली. घरी लहानूनं कोहळं फोडलं, सत्यशीलेनं भाजी केली. म्हाताऱ्यानं पोट बरं नाही म्हणून ताट सरकवलं. भाजी मात्र अशी झाली होती की विशाखानं तीनदा मागून घेतली.

बिया राख चोळून सुपात वाळत घातल्या होत्या. चार दिवसांनी सूप रिकामं.

"पौर्णिमा, बिया कुठी गेल्या?"

"खाल्ल्या."

"साऱ्या?"

"चुलीत भाजल्या आन खाल्ल्या." विशाखाला तिनं एकही दिली नव्हती. सत्यशीला रागावली, मग हसली. पोटात वेल उगवेल म्हणून चिडवलं. पोरगी मात्र गंभीरपणे पोटावर हात ठेवून उभी राहिली.

त्या रविवारी मुलीचं न्हाणं करताना सत्यशीलेला तिच्या उजव्या कानामागे पांढरं काही दिसलं. बोटभर रुंद, मानेपर्यंत उतरलेलं. वास घेतला तर चुना. पोरीनं बापाच्या चुन्याच्या डबीत बोट घातलं असणार. तिनं शिकेकाईनं घासलं, मग साबणानं, मग चिंचेनं. कातडी लाल झाली, रेघ तशीच राहिली. चुन्यानं कातडी जळते, पण पौर्णिमाला काहीच होत नव्हतं. हाताला ती जागा थंड लागत होती.

"माही डबी खिशातच असते," लहानू म्हणाला. त्यानं डबी काढून दाखवली. नवीन घेतलेली, झाकण काढलेलंही नव्हतं.

४

मंगळवारी दुपारी शाळा लवकर सुटली होती. सत्यशीला माजघरात वह्या तपासत बसली होती. विशाखा सोमाजींबरोबर शेतावर गेली होती, पौर्णिमा बाहेर ओट्यावर एकटी खेळत होती. ऊन लख्ख पडलेलं.

टक, टक, टक.

कोणी पाट वाजवतंय असं तिला वाटलं. तिनं आणखी एक वही ओढली.

टक.

या एका आवाजानं तिचा लाल पेन हातात तसाच राहिला. अंगणात फाटक उघडल्याचा आवाज झाला नव्हता, कुत्रं भुंकलं नव्हतं. ती उठून बाहेर आली. पौर्णिमा ओट्याच्या कडेला मांडी घालून, मान खाली करून बसली होती. केस विंचरताना बसतात तशी, शहाण्यासारखी. आसपास कोणी नव्हतं.

"कोण वाजवत होतं?"

"थे बाई."

"कोणती बाई?"

"रिठावरची. डोक्शावर वाजवून पायते." पोरीनं पेरं वाकवून स्वतःच्या टाळूवर वाजवून दाखवलं. तिच्या हाताचा तसा आवाज येत नव्हता.

"काही बोलली का?"

"कवळी आहे म्हणे अजून. राहू दे म्हणे."

सत्यशीलेनं तिला उचलून आत घेतलं. तेव्हा तिचं लक्ष ओट्याखाली गेलं. पौर्णिमा बसली होती तिथं समोरच हातभर जमीन शेणानं सारवलेली होती. अर्धगोल हात एकावर एक नीट फिरवलेले. अंगण तिनं शनिवारी सारवलं होतं, आणि हे सारवण ओलं होतं.

५

शिकवणारी बाई होती ती. कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे, हे ती मुलांना सांगत आली होती आणि आता स्वतःला सांगू लागली. पोर कल्पना करते. सारवण शेजारच्या गुणाबाईनं केलं असेल. गुणाबाईला विचारलं तर तिनं कानावर हात ठेवले. मुलचेऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानामागचा डाग भिंगातून पाहिला, कोड नाही म्हणाले, मलम दिलं, आणि पोरगी तब्येतीनं चांगली भरतेय म्हणून तिचं कौतुक केलं.

भरत होती खरी. पंधरा दिवसांत तिचे झगे दाटले. खेळणं बंद झालं. जिथे बसवावं तिथे ती बसून राही. सकाळी तोंड उगवतीला, संध्याकाळी मावळतीला. मधे कधी वळली, ते कोणाला दिसत नसे. उचलायला गेलं तर अंगापेक्षा जड लागे.

रोज दुपारी टकटक होतच होती. शेतावरून आलेल्या लहानूनंही ती ऐकली आणि कुऱ्हाड घेऊन घराभोवती फेऱ्या घातल्या. सत्यशीला मुलीला मांडीवर घेऊन बसली, तरी आवाज झाला. तिच्या हनुवटीखाली, तिच्या श्वासाइतक्या जवळ. लेकीच्या डोक्याला बसलेला प्रत्येक ठोका तिला स्वतःच्या छातीत जाणवला, आणि दिसलं काहीच नाही.

"आज काय म्हणली?" तिनं विचारलं. विचारताना आपला आवाज स्थिर आहे याचं तिला नवल वाटलं.

"भरत आली म्हणे."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तो पौर्णिमा परसातून काहीतरी ओढत आणत होती. कवेलू होतं. तिनं ते ओट्यावर नीट मांडलं, त्यावर बसली आणि पाय पोटाशी घेतले.

"हे काऊन आणलं, बेटा?"

"खाली ओल लागते," पौर्णिमा म्हणाली.

६

सत्यशीला तडक सोमाजींसमोर जाऊन बसली. "मामाजी, तुमाले ठाऊक आहे काही. सांगा."

सोमाजींनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "मोहबोडीत जन्म माहा. चार वर्षांचा होतो, तवा गाव उठलं. काऊन उठलं, ते माह्या बापानं सांगतलं नाई आन मी इचारलं नाई. भूत मी मानत नाई, सत्यशीला. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून नाई मानत."

"मंग भाजी काऊन नाई खाल्ली?"

"राखलेलं होतं ते." म्हातारा तिच्याकडे पाहू लागला. "त्याच्यात भूत-देव काही नाई. शेजाऱ्याचं बियाणं आपण खात नाई, एवढंच आहे. शेजारी दिसो का नाई दिसो."

हे तिला एकदम पटलं, आणि पटल्यानं बरं वाटलं. मांत्रिक आणायचा नव्हता, नवस बोलायचा नव्हता. शेजाऱ्याचं घेतलं होतं, ते परत करायचं होतं. तिच्या परसातही एक कोहळं राखलेलं होतं. तिनं ते उतरवलं, फडक्यात बांधलं आणि लहानूला बंडी जुंपायला सांगितली.

"मी येतो संगं."

"नाल्यापर्यंत या. पुढं मी एकटी जातो. तोडलं मी आहे."

७

रिठावर दुपारचं ऊन होतं आणि पाखरू बोलत नव्हतं. जोत्यामागे वेल होता तसाच हिरवा. रिकामं कवेलू जागेवर होतं. त्याच्याभोवती चार हात जमीन सारवलेली होती, ओली.

सत्यशीलेनं चपला काढल्या. कोणाच्या अंगणात जाताना काढतात, तशा. "बाई," ती मोठ्यानं म्हणाली, "चुकलं आमचं. तुमचं राखलेलं तोडलं. हे माह्या घरचं बियाणं आहे, हे ठेवून घ्या." तिनं कोहळं कवेलूवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली.

सीताफळांत पान हललं नाही. तिची नजर क्षणभर तिकडे गेली आणि परत आली, तेव्हा कोहळं तिच्या पायाशी होतं.

उतार असेल. तिनं ते परत ठेवलं, दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि यावेळी डोळे हलवले नाहीत. पापणी लवली तेवढीच. कोहळं पायाशी होतं, दगड जागच्या जागी होते, आणि कोहळ्यावर तिनं स्वतः ओढलेली चुन्याची रेघ पुसलेली होती.

मग तिला कळलं. त्या बाईला कोहळं नको होतं. तिच्या वेलाचं बी पौर्णिमाच्या पोटात होतं, आणि म्हणून तिनं पोरीलाच राखलं होतं.

भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या वर आणखी एक गोष्ट होती, जी तिला शाळेत हट्टी पोराच्या समोर बसताना वाटायची. मी उठणार नाही. कोहळ्याची रेघ ताजी करायला घेतलेली लहानूची चुन्याची डबी तिनं कमरेतून काढली, बोट बुडवलं आणि आपल्या कानामागून मानेपर्यंत रेघ ओढली. मग ती ओल्या सारवणात कवेलूसमोर बसली आणि मान खाली केली.

"बी तिच्या पोटात गेलं, पण विळा माह्या हातात होता," ती म्हणाली. "थे कवळी आहे. मले वाजवून पाहा."

काही झालं नाही. खूप वेळ काही झालं नाही. नाल्याकडे बैलाची घंटा वाजली. तिनं ती घंटा कानात धरून ठेवली.

टाळूवर पेरं वाजली. टक, टक, टक. तो आवाज बाहेर नव्हता, तिच्या आतून येत होता, आणि तो खणखणीत होता. पिकल्या फळाचा आवाज ती हजारदा ऐकून होती.

खाली घातलेल्या नजरेसमोर एक हात आला. मनगटापर्यंत ओलं शेण. कातडी कोहळ्याची असते तशी, रेघारेघांची, वर पांढुरकी राख. अंगठ्याजवळचं बोट चुन्यानं माखलेलं. ते बोट कानामागे आलं आणि तिनं ओढलेल्या रेघेवरून दुसरी रेघ ओढत सावकाश खाली गेलं. थंड होतं.

टक.

तिनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठता आलं नसतं, एवढं तिला कळत होतं, आणि घरी मुलगी होती.

८

पौर्णिमाच्या कानामागची रेघ त्या संध्याकाळी साध्या पाण्यानं गेली. आठ दिवसांत ती बोरीवर चढून पडली आणि गुडघा फोडून घेतला. सत्यशीलेनं जखम धुताना इतकं रडून घेतलं की पोरगीच घाबरली.

स्वतःच्या रेघेवर ती अंबाडा बांधते. लहानूला माहीत आहे, सोमाजींना माहीत आहे. राखलेलं फळ केव्हा उतरवतात, तेही तिघांना माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोललं नाही. विशाखानं मात्र एकदा विचारलंच. "आई, वेल वाळला तर?"

"मी वाळू देत नाई," सत्यशीला म्हणाली.

कोहळ्याचा वेल कार्तिकात पिवळा पडतो आणि मार्गशीर्षात मरतो. मोहबोडीच्या जोत्यावरचा वेल पौषात हिरवा होता, माघात हिरवा होता. पहाट फुटली की सत्यशीला घागर घेऊन दीड कोस चालत जाते, संध्याकाळी पुन्हा जाते. आळं भुसभुशीत करते, शेणखत घालते, जिथं पेर जमिनीला टेकतं तिथं माती चढवते, म्हणजे नवं मूळ फुटतं. गावात बाईंचं डोकं फिरलं असं म्हणतात. पौर्णिमा यंदा पहिलीत आहे. तिची दहावी होईपर्यंत तरी वेल जगवायचा, एवढं सत्यशीलेनं ठरवून टाकलं आहे.

चैत्रात नाला आटला. तिनं रेतीत पाणी झिरपायला कोपरभर झिरा खणला, वाटीवाटीनं घागर भरली आणि वेलाला घातली. बुडाजवळ एक पान पिवळं पडलं होतं. तिनं ते खुडून कमरेला खोचलं, घरी चुलीत घालायला.

सीताफळांमागे टकटक झाली. तीनदा, आणि जरा थांबून एकदा.

"हिरवा आहे अजून, बाई," सत्यशीला मान न वळवता म्हणाली. तिनं घागर उचलली आणि झपाझप गावाकडे निघाली. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, आणि साडेसातची घंटा तिलाच द्यायची होती.